पळणं जमतंय, पण आवडत नाही: २१ किमीच्या तयारीसाठी सल्ला हवा

उपवनकर
जानेवारीतल्या मुंबईच्या हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलंय. हातात १४ आठवडे आहेत. सध्या आठवड्यातून चार दिवस, दर वेळी ५ किमी, ३६ मिनिटं. वय ४१, ठाण्यात राहते, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलाय. अडचण अशी की गजर वाजला की पोटात गोळा येतो आणि शेवटचा किलोमीटर संपता संपत नाही. पळण्यात मजा येते म्हणणारे खोटं बोलतात का? वेग, वेळापत्रक, बूट, खाणं, सगळ्याचे नेमके आकडे सांगा. 'मनावर घ्या' हा सल्ला नको. घेतलंय.

सावकाश_गडी
खोटं बोलत नाहीत ताई, पण ते तुमच्यासारखं पळतही नाहीत. ५ किमीला ३६ मिनिटं म्हणजे किलोमीटरला ७:१२. वर्णनावरून हा तुमचा परीक्षेचा वेग दिसतोय, आणि तुम्ही आठवड्यातून चारदा परीक्षा देताय. गोळा येणारच.

चारपैकी तीन दिवस किलोमीटरला ८:२० ते ९:०० या वेगाने पळा. घड्याळापेक्षा सोपी कसोटी म्हणजे पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. 'सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न' एवढं एका दमात झालं तर वेग बरोबर. दुणेलाच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. (पाढाच विसरलात तर तो दोष पळण्याचा नाही.)

मनगटावरच्या घड्याळाच्या हृदयगतीवर फार विसंबू नका. पट्टा सैल असला की ते नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजतं आणि आरामात पळतानाही १६५-१७० दाखवतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. तरीही आकडा आणि पाढा जुळत नसेल तर पाढ्याचं ऐका.

सुरुवातीची पाच मिनिटं झपाझप चालायचं, मग ४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं. हे चालणं दम लागल्यावर नाही, पहिल्या फेरीपासूनच. दमल्यावर चाललं की हरल्यासारखं वाटतं, ठरवून चाललं की वाटत नाही. शिवाय शर्यतीचा हिशोब बघा: पळताना ७:४० आणि चालताना १०:३० धरलं तरी सरासरी ८:०६ पडते. याच पद्धतीने २१.१ किमी २ तास ५१ मिनिटांत होतात. तुमचे आत्ताचे ५ किमी पाहता पहिल्या हाफला पावणेतीन ते तीन तास हा रास्त अंदाज आहे.

रविवारचं लांब पळणं, किलोमीटरमध्ये: ६, ७, ८, ६ / ९, १०, १२, ९ / १४, १६, १२, १८ / १० / शर्यत. मधेच उतरलेले आकडे चुकून पडलेले नाहीत, त्या आठवड्यांत शरीर भरून निघतं. मंगळवारी ५ आणि शनिवारी ४, दोन्ही पाढ्याच्या वेगाने.

गुरुवार वेगळा. ४ किमी आरामात, मग २० सेकंद जोरात पण खांदे सैल सोडून, मग ९० सेकंद चालणं, असं सहा वेळा. सहाव्या आठवड्यापासून त्याऐवजी ८ मिनिटं ७:३०-७:४० च्या वेगाने, २ मिनिटं चालणं, असं तीनदा. बहुतेकांना गोडी लागते ती या २० सेकंदांत. दम संपायच्या आत वेगाची चव मिळते.

कट्टेकरी
८:४० म्हणजे जवळजवळ चालणंच की. शर्यत ज्या वेगाने पळायची त्याच वेगाने सराव नको का?

सावकाश_गडी
थोडा हवा, तो गुरुवारी होतोच. बाकी दिवस हळू पळायचं कारण असं की स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं वाढणं आणि चरबी जाळायची सवय लागणं ही कामं जास्त वेळ पळण्याने होतात, आणि जास्त वेळ फक्त हळूच पळता येतं. श्वास दमला तरी दोन दिवसांत भरून निघतो, पिंढरी आणि नडगीला आठवडे लागतात. रोज मध्यम जोर लावणारा माणूस हळू दिवसाला फार जोरात पळतो आणि जोराच्या दिवशी पायात काही शिल्लक नसतं. मग वेळ सुधारत नाही आणि कंटाळा वाढतो. तुमचं ऑक्टोबरचं ऊन लक्षात घ्या. दमट हवेत घाम वाळत नाही, निथळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही. तेव्हा त्याच जोरात वेग किलोमीटरला २०-४० सेकंदांनी पडतो. नोव्हेंबरच्या शेवटी आपोआप परत येतो.

घाटवळण
वेगाबद्दल +१. कंटाळ्याचा अर्धा भाग रस्त्याचा असतो. तळ्याभोवती फेऱ्या मारल्या की दर फेरीला घरी जायची संधी समोर येते. त्यापेक्षा एका दिशेला निम्मं अंतर जाऊन परत या.

महिन्यातून दोन मंगळवार ठाण्यातल्याच येऊरच्या डोंगराचा चढ घ्या. चढावर घड्याळ झाकायचं, पावलं छोटी, नजर १०-१५ पावलं पुढे, कंबरेत वाकायचं नाही. पाढा थांबला की चालायचं. उतारावर टाच पुढे टाकून ब्रेक लावू नका, मांड्या त्यानेच फाटतात. छोटी, भराभर पावलं, गुडघा किंचित वाकलेला. साताऱ्याच्या हिल हाफमध्ये यवतेश्वरच्या चढापेक्षा परतीच्या उतारानेच लोक जास्त लंगडतात. मुंबईचा रस्ता त्यामानाने सपाट आहे, पण पुलांचे चढ-उतार आहेतच.

पेव्हर ब्लॉक टाळा, डांबर बरं. रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून कायम एकाच बाजूने पळलात तर एका पायाच्या गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. पहाटे कुत्री मागे लागली तर पळणं थांबवून चालायला लागा, नजरेला नजर नको.

आणि आठवड्यातला एक दिवस घड्याळ घरी ठेवा. शनिवारचे ४ किमी त्यालाच आहेत.

पिंढरी
पायाकडे बघू. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर, मग सावकाश पायरीच्या खाली. दोन्ही पायांवर १५ चे तीन संच, आठवड्यातून दोनदा. महिन्याभराने एकेका पायावर. बरोबर खुर्चीवरून एका पायावर उठणं, ८ चे दोन संच. रविवारच्या आदल्या दिवशी यातलं काही नको.

दुखणं ओळखायला शिका. नडगीच्या हाडालगत वीतभर पट्टा दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल तर आठवडाभर अंतर निम्मं करा. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल असा ठिपका दुखतोय, पळताना वाढतोय, रात्रीही ठणकतोय, तर पळणं बंद आणि हाडांचे डॉक्टर. तिथे हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो, तो पळून बरा होत नाही. गोळी घेऊन तर पळूच नका. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि अंगातलं कमी झालेलं पाणी, दोन्हींचा ताण एकाच वेळी मूत्रपिंडावर येतो.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पळायचे मोजे घालूनच घ्या. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर १४ किमीनंतर नखं काळी पडतात. टाच सुटत असेल तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून त्याच बाजूला नाडीचा फास करून समोरची नाडी त्यातून ओवा. ५०० ते ७०० किमीनंतर तळ बसतो. तळात कार्बनची कडक पट्टी बसवलेले (कार्बन प्लेटवाले) महागडे जोड पहिल्या हाफला अजिबात नकोत.

उपवनकर
काल ९:०० ने ५ किमी केले. लाज वाटली, पण नवव्या मिनिटाला पाढा म्हणताना चक्क हसू आलं. आता घामाबद्दल सांगा. चिंब होते आणि मांड्या सोलतात.

सावकाश_गडी
सोलण्यावर व्हॅसलीन: मांड्यांच्या आत, काखेत, ब्राच्या पट्ट्याखाली. पुरुषांनी स्तनाग्रांवर मायक्रोपोर पट्टी आधी चिकटवावी, व्हॅसलीन नंतर आणि दुसरीकडे, नाहीतर पट्टी टिकत नाही. सुती टी-शर्ट बाद.

पाण्याचं माप घरीच निघतं. तासभर पळण्याआधी आणि घाम पुसून नंतर, कमीत कमी कपड्यांत वजन करा. वजन ७०० ग्रॅमने उतरलं आणि वाटेत २०० मिली प्यायलात तर तासाला ९०० मिली घाम. सगळा भरून काढायचा नाही. तहान लागेल तसं, दर १५-२० मिनिटांनी १००-१५० मिली पुरे. हळू पळणाऱ्याने शर्यतीत पाण्याच्या प्रत्येक टेबलावर गटागटा पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, आणि ते तहानेपेक्षा वाईट. लांब रविवारनंतर ओआरएस घ्यायचं तर लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच. अर्ध्या पाण्यात घट्ट केलं की पोट बिघडतं.

नाचणी_लाडू
खाणं: १० किमीपर्यंत वाटेत काही लागत नाही. त्यापुढे ४५ मिनिटांनी पहिलं जेल (पळताना खायच्या घट्ट साखरपाकाची पुडी), मग दर ३५-४० मिनिटांनी एक, पाण्याबरोबर. गोड पेयाबरोबर घेतलं की मळमळतं. जेल नको तर बी काढलेले चार साधे खजूर साधारण तेवढीच साखर देतात, फक्त आधीच तुकडे करा. १४ आणि १६ किमीच्या रविवारी याची रंगीत तालीम हवी.

आदल्या रात्री वरण-भात, लवकर. सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी केळं आणि जॅम लावलेले दोन पाव. साबुदाण्याची खिचडी नको, दाण्याचं कूट आणि तूप पोटात बसून राहतं. चहा नेहमी घेत असाल तरच.

घाटवळण
शर्यतीचं एवढंच: पहिले ३ किमी तुम्हाला फार हळू वाटले पाहिजेत. गर्दीत डावी-उजवीकडून वाट काढू नका, घड्याळात २१.१ ऐवजी साडेएकवीस दिसतात ते त्यामुळेच. वेळ किलोमीटरच्या पाट्यांवर मोजा, घड्याळाच्या टुणटुणीवर नाही. सी लिंकवर वारा समोरून असेल तर एखाद्या धिप्पाड माणसाच्या मागे दोन पावलांवर राहा. आणि नंबर आदल्या रात्रीच टी-शर्टला लावा, चारही कोपऱ्यांना पिना. पहाटे हात थरथरतात.