गेटपाशी सरकलेली स्कूटर : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी : सर्व सभासदांना कळविण्यात येते की काल संध्याकाळी मेन गेटजवळ सी-७०२ यांची बॅटरीवर चालणारी मोबिलिटी स्कूटर (चालण्यास अडचण असणाऱ्यांची बसून चालवायची गाडी) अचानक पुढे सरकली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. कमिटीचा निर्णय होईपर्यंत सदर स्कूटर लॉबी व पोडियमवर चालवू नये.

सी-७०२ : निर्णय कधी होणार पण? स्कूटर नसेल तर बाबा घराबाहेर पडूच शकत नाहीत. आणि ते ठामपणे सांगतायत की अंगठा गाडी पुढे नेणाऱ्या लिव्हरवर नव्हता. शेजारी उभ्या वॉचमनने वॉकी-टॉकीवर बोलायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी गाडीला हिसका बसला.

ए-३०१ : वॉकी-टॉकीने गाडी चालते होय! ताई, राग मानू नका, पण या वयात हात जरा इकडेतिकडे होतोच.

बी-५०५ : मी केव्हापासून ओरडतोय, टेरेसवरचा मोबाइल टॉवर काढा म्हणून. आता तरी पटलं का?



डी-१०४ : ए-३०१, हसू नका. माझी अख्खी नोकरी उपकरणांच्या टेस्टिंगमध्ये गेली, म्हणून जरा लांब लिहितो. सी-७०२चे काका सांगतायत ते अगदी शक्य आहे. हँडलमधल्या लिव्हरपासून सीटखालच्या कंट्रोलरपर्यंत, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागापर्यंत, वायरी जातात. जवळ वॉकी-टॉकीसारखा रेडिओ सेट सुरू झाला की त्याच वायरी अँटेनासारखं काम करतात, आणि आत शिरलेला सिग्नल कंट्रोलरला लिव्हर दाबल्यासारखा वाटू शकतो. गाडी हलते, किंवा ब्रेक सुटतो. १९९०च्या दशकात अमेरिकेत अशा तक्रारी आल्यावर तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पॉवर व्हीलचेअर आणि स्कूटर तपासल्या. १९९४ साली कंपन्यांना सांगितलं की गाडी किती तीव्रतेच्या लहरी सहन करते ते मॅन्युअलमध्ये छापा. तेव्हा ठरलेला आकडा २० व्होल्ट प्रति मीटर, आजही बहुतेक मॅन्युअलमध्ये तोच दिसतो.

डी-१०४ : आता आपल्या गेटचा हिशोब. ४ वॉटचा सेट धरला तर एक मीटरवर साधारण १४ व्होल्ट प्रति मीटर, अर्ध्या मीटरवर २८, दोन मीटरवर ७. म्हणजे वॉचमन हँडलला खेटून बोलला तर २० ओलांडले जातात, दोन पावलं मागे सरकला तर प्रश्न मिटला. हे सगळं बोलण्याचं बटण दाबल्यावरच. नुसतं ऐकताना सेट लहरी सोडत नाही.

बी-५०५ : आणि टॉवर?

डी-१०४ : टॉवर लहरी बाहेरच्या दिशेने फेकतो, खाली पार्किंगमध्ये फार थोडं उतरतं. शिवाय १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झ बँडला ती साधारण १३ व्होल्ट प्रति मीटर येते, म्हणजे २०च्या खालीच. टॉवरविरुद्ध तुमची दुसरी कारणं असतील तर ती एजीएममध्ये, वार्षिक सभेत मांडा, पण कालचं खापर त्याच्यावर फोडू नका. गंमत अशी की स्कूटरच्या पुढच्या बास्केटमधला फोन टॉवरपेक्षा जास्त त्रास देईल. त्यातही जुना टू-जीचा बटणांचा फोन. बेसमेंटमध्ये रेंज नसली की तो पूर्ण ताकद लावतो, २ वॉटपर्यंत. फोर-जीचा फोन फार तर ०.२ वॉट.

सी-७०२ : बाबांकडे बटणांचाच फोन आहे, आणि तो बास्केटमध्येच असतो!

डी-१०४ : मग तो खिशात ठेवू देत, आणि फोन घ्यायचा तर आधी थांबून चावी बंद. या गाड्यांचा ब्रेक वीज तोडली की स्प्रिंगने आपोआप लागतो. गाडी मनाने हलली तरी हेच, चावी बंद. फक्त उतारावर वेगात असताना झटका बसतो, म्हणून हँडल घट्ट धरायचं.

डी-१०४ : हँडलला मागाहून काही जोडलंय का? लाइट, चार्जर?

सी-७०२ : मुलाने यूएसबी चार्जर लावलाय.

डी-१०४ : काढा तो. जोडलेली प्रत्येक वायर म्हणजे आणखी एक अँटेना, आणि मॅन्युअलमधला आकडा मूळ गाडीचा असतो. आणखी एक, मागचा फ्रीव्हील लिव्हर बघा. गाडी ढकलायला तो सोडतात, त्याने ब्रेकही सुटतो. रॅम्पवर गाडी घरंगळली की माझा पहिला संशय त्याच्यावरच असतो. पण काल सपाट जागी हिसका बसला, म्हणून मी वॉकी-टॉकी म्हणतोय. खात्री डीलरने तपासल्यावरच होईल.

ए-३०१ : काकांना सॉरी सांगा माझ्याकडून. पण गेटवर पोरं खेळतात हो, मला त्यांची धास्ती.

एफ-६०३ : मग पोरांना गेटवरून हलवा. काकांना का कोंडायचं? माझी आईही पुढच्या महिन्यात अशीच स्कूटर घेऊन येतेय.

सेक्रेटरी : सिक्युरिटी सुपरवायझरशी बोललो. वॉचमनने व्हीलचेअर वा स्कूटरपासून दोन मीटर लांब जाऊनच सेटवर बोलायचं, लिफ्टमध्ये सोबत असताना अजिबात नाही. तशी पाटी केबिनमध्ये लागेल. तपासणी होईपर्यंत काकांसोबत घरचं कोणीतरी असावं, या अटीवर सकाळचा मनाईचा मेसेज मागे घेतो.

सी-७०२ : धन्यवाद. मॅन्युअल सापडलं, आकडा २०च आहे. चार्जर काढला. डीलरचा माणूस शनिवारी येतोय, डी-१०४ काका, तुम्ही थांबाल का खाली?

डी-१०४ : थांबतो. वॉचमनचा सेटही मागवून ठेवा. गाडीची मागची चाकं उचलून घेऊ आणि डीलरच्या माणसासमोरच सेटचं बटण दाबून बघू.

सेक्रेटरी : शनिवारी चार्जिंग पॉइंटचंही ठरवू या. जिन्याखाली चार्जिंग चालणार नाही, आणि मीटर कोणाचा, हा प्रश्न आहेच.