टूसॉन शहर राहण्यासाठी कसे आहे?

प्रश्न: मुलीला ॲरिझोना विद्यापीठात प्रवेश मिळाला असून ती ऑगस्टमध्ये टूसॉनला जाईल, वाळवंटातील या शहराविषयी जाणकारांनी कृपया माहिती द्यावी.

प्रतिसाद १: १८८५ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा खगोलशास्त्रात मोठा लौकिक आहे. तेथील फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली फिरत्या भट्टीत काच वितळवून महाकाय दुर्बिणींचे आरसे घडवले जातात. संधी मिळाल्यास तिने ते अवश्य पाहावे.

प्रतिसाद २: उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, पण जुलै ते सप्टेंबर तिथेही मान्सून असतो आणि एरवी कोरड्याठाक असणाऱ्या नद्यांना अचानक लोंढे येतात, तेव्हा पाणी भरलेल्या रस्त्यावर गाडी मुळीच घालू नये, हे तिला बजावून सांगा.

प्रतिसाद ३: विद्यापीठातून डाउनटाउनला ट्राम जाते, त्यामुळे सुरुवातीला गाडीवाचून अडणार नाही.