विषय: संक्रांतीचा कार्यक्रम, ११ फेब्रुवारी (आणि क्वार्टरबॅक)

प्रेषक: सचिव, बाल्टिमोरचं मराठी मंडळ | ३० जानेवारी २०२४

नमस्कार मंडळी,

संक्रांतीचा कार्यक्रम आणि हळदीकुंकू रविवार, ११ फेब्रुवारीला, नेहमीच्या शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी ११ ते दुपारी ४. रथसप्तमी १६ तारखेला शुक्रवारी येते, त्यामुळे हाच शेवटचा रविवार. बोरन्हाण बारा वाजता. जेवायला मसालेभात, मटकीची उसळ, गुळपोळी. घरटी किती माणसं येणार ते सोमवारपर्यंत कळवा.

प्रेषक: कोलंबियाकर | ३० जानेवारी

अहो सचिव, ११ तारखेला सुपर बोल आहे, अमेरिकन फुटबॉलची फायनल! तारीख ठरवताना कुणाच्याच लक्षात आलं नाही का?

प्रेषक: सचिव | ३० जानेवारी

सुपर बोल संध्याकाळी साडेसहाला. हॉल चारला रिकामा करायचाच आहे. उलट तुमचा उत्साह बघून खुर्च्या उचलणाऱ्यांत तुमचं नाव घातलंय.

प्रेषक: कॅटन्सव्हिलकर | ३१ जानेवारी

माझ्यापुरता सुपर बोल रविवारीच संपला. आपले बाल्टिमोर रेव्हन्स उपांत्य सामन्यात घरच्या मैदानावर चीफ्सशी १७-१० हरले आणि अजून जेवण जात नाही. वर्षभर धावून धावून जिंकलेला संघ, आणि नेमक्या त्या दिवशी चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या हातात अख्ख्या सामन्यात सहा वेळा चेंडू दिला. सहा! फ्लॉवर्सच्या हातून गोललाइनवर चेंडू निसटला, डाव चालवणारा, पास टाकणारा आपला क्वार्टरबॅक लामार, त्याने तिघांच्या गराड्यात पास टाकला. असो.

एक मात्र कबूल करून टाकू या. चीफ्सचा महोम्स हा आजवरचा सगळ्यात भारी क्वार्टरबॅक आहे. वय २८, चौथा सुपर बोल. स्टार्टर म्हणून सहा सीझन खेळला आणि सहाही वेळा निदान कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे उपांत्य सामन्यापर्यंत गेला. यापुढे वाद कसला?

प्रेषक: एलिकॉट सिटीकर | ३१ जानेवारी

वाद असा, की तीन वर्षांपूर्वी याच महोम्सला एका ४३ वर्षांच्या माणसाने सुपर बोलमध्ये ३१-९ असं लोळवलं. त्या माणसाकडे, टॉम ब्रेडीकडे, सुपर बोल जिंकल्याच्या सात अंगठ्या आहेत. कुठल्याही एका संघाच्या कपाटात सात ट्रॉफ्या नाहीत.

प्रेषक: कोलंबियाकर | ३१ जानेवारी

तुम्ही सगळे फार उशिरा अमेरिकेत आलात. आम्ही सॅन होजेला होतो तेव्हा फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक जो मॉन्टॅना याला खेळताना बघितलंय.

चार सुपर बोल, चारही जिंकले. त्या चार सामन्यांत मिळून १२२ पास, ११ टचडाउन (गोललाइनपार पोचलेले पास), इंटरसेप्शन (विरोधकाने पळवलेले पास) शून्य. ब्रेडी दहा खेळला आणि तीन हरला, त्यातले दोन एकाच न्यूयॉर्क जायंट्सशी.

जानेवारी १९८९, मायामी. बेंगॉल्स तीन गुणांनी पुढे, तीन मिनिटं दहा सेकंद बाकी, ९२ यार्ड जायचंय. हडलमध्ये, म्हणजे डावाआधीच्या घोळक्यात, सगळ्यांचे चेहरे ताणलेले, आणि हा गडी प्रेक्षकांत बोट दाखवून म्हणतो, तो बघा जॉन कँडी, सिनेमातला! मग गेला ९२ यार्ड. ३४ सेकंद राहिले असताना टेलरला पास, खेळ खल्लास. पास झेलणाऱ्या जेरी राइसमुळे जिंकला असं कुणी म्हणायच्या आत सांगतो: पहिल्या दोन अंगठ्या राइस संघात येण्याआधीच्या.

आणि यंदाचा सामना चीफ्स विरुद्ध फोर्टीनाइनर्स, म्हणजे मॉन्टॅनाचे दोन्ही संघ. कुणीही जिंको, आम्ही गुळपोळी खाणार.

प्रेषक: कॅटन्सव्हिलकर | १ फेब्रुवारी

हे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचं गावसकर की सचिन झालं. एकजण म्हणणार हेल्मेट न घालता वेस्ट इंडीजला तोंड दिलं, दुसरा म्हणणार ५१ शतकं मोज. पहाटे दोनपर्यंत चालायचं ते, आणि शेवटी कुणीतरी विजय मर्चंट काढायचा.

प्रेषक: टाउसनकर काका | १ फेब्रुवारी

सर्वांस सप्रेम नमस्कार,

मर्चंट काढायचं काम माझ्याकडे आलेलं दिसतं.

मी या यादीवर पुस्तकांच्या देवघेवीखेरीज सहसा लिहीत नाही. पण बाल्टिमोरच्या मंडळात क्वार्टरबॅकवर इतकी पत्रं होतात आणि जॉनी युनायटसचं नावही निघत नाही, हे काही बरं दिसत नाही. तुमच्यातले निम्मे लोक सामन्याला जाताना स्टेडियमबाहेर त्याच्याच पुतळ्याच्या बुटाला हात लावून आत जातात. कोणाचा बूट आहे ते ठाऊक नको का?

मी १९७० साली हॉपकिन्समध्ये शिकायला आलो तेव्हा तो ३७ वर्षांचा होता आणि त्याचा सुवर्णकाळ सरला होता. मी पाहिला तो उतरणीवरचा युनायटस. तरीही पाहिला. ३३ व्या रस्त्यावरच्या मेमोरियल स्टेडियममध्ये, कडाक्याच्या थंडीत, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने दिलेल्या तिकिटावर. खेळ मला काडीचा कळत नव्हता. तो तंत्रज्ञ मात्र मला कमी आणि स्वतःलाच जास्त, प्रत्येक डाव समजावून सांगत होता. १९५८ च्या अंतिम सामन्याची हकिगत मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकली आणि पुढे या गावातल्या ज्याच्या-त्याच्या तोंडून.

पिट्सबर्गचा पोरगा. १९५५ मध्ये नवोदितांच्या निवडीत स्टीलर्सनी नवव्या फेरीत घेतला आणि हंगाम सुरू होण्याआधीच काढून टाकला. मग बांधकामावर मजुरी आणि संध्याकाळी ब्लूमफिल्ड रॅम्स नावाच्या अर्धव्यावसायिक संघात, सामन्याला सहा डॉलर. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सनी बोलावला. २८ डिसेंबर १९५८, यांकी स्टेडियम, समोर न्यूयॉर्क जायंट्स. तीन गुणांनी मागे असताना त्याने संघ मैदानभर चालवत नेला. त्या एका चालीत रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास. सात सेकंद उरले असताना फील्ड गोलने, म्हणजे किक मारून मिळवलेल्या तीन गुणांनी, बरोबरी. मग जादा वेळ, जी अंतिम सामन्यात तोवर कोणी पाहिलीच नव्हती. तिथे ८० यार्ड, तेरा डाव, अमीची घुसला, २३-१७. सारा देश टीव्हीपुढे बसून पाहत होता. आज तुम्ही ज्या सुपर बोलसाठी संक्रांत पुढे ढकलायला निघालात, त्या धंद्याचा पाया त्या संध्याकाळी पडला.

आता माझा मुद्दा. तो पुढचा डाव स्वतः ठरवायचा. हडलमध्ये उभा राहून, समोरच्याचे डोळे वाचून. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर आहे. डावाच्या घड्याळात पंधरा सेकंद उरेपर्यंत प्रशिक्षक कानात बोलत असतो. मॉन्टॅनालाही बहुतेक डाव प्रशिक्षक बिल वॉल्शकडून येत. युनायटसच्या काळात बचाव करणारा गडी पास घेणाऱ्याला मैदानभर ढकलत नेऊ शकत असे. ते १९७८ साली बंद झालं. आणि क्वार्टरबॅकला कसाही हाणला तरी पंच पाहत उभे. त्या काळात, १९५९ मध्ये, बारा सामन्यांत त्याने ३२ टचडाउन फेकले. सलग ४७ सामन्यांत निदान एक टचडाउन पास, हा विक्रम २०१२ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. म्हातारपणी त्याचा उजवा हात निकामी झाला होता, तोच हात.

कोल्ट्सचा मालक १९८४ च्या मार्चमध्ये रातोरात मेफ्लॉवर या सामान हलवणाऱ्या कंपनीच्या ट्रकांत संघ भरून इंडियानापोलिसला घेऊन गेला. युनायटसने त्या नव्या संघाशी कधी नातं ठेवलं नाही. ही गोष्ट मोठेपणात धरायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी धरतो.

प्रेषक: एलिकॉट सिटीकर | २ फेब्रुवारी

काका, पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगी विचारतेय, तो तंत्रज्ञ पुढे काय करत होता?

तरी भांडणार आहे. सात अंगठ्यांचा मुद्दा मी आधीच्या पत्रात केला तो कॅटन्सव्हिलकरांना गप्प करायला. नुसत्या अंगठ्या मोजायच्या तर आपल्याच रेव्हन्सचा ट्रेंट डिल्फर डॅन मरिनोपेक्षा मोठा ठरेल. २००० च्या सीझनला रेव्हन्सनी सलग पाच सामन्यांत आक्रमणातून एकही टचडाउन केला नव्हता, तरी रे लुईसच्या बचावाने जानेवारीत सुपर बोल आणला. डिल्फरच्या हातात ट्रॉफी आली आणि लगेच नारळही मिळाला. मरिनोने १९८४ मध्येच ५,०८४ यार्ड फेकले होते. अंगठी शून्य, कारण एकदाच पोचला आणि समोर कोलंबियाकरांचा मॉन्टॅना उभा.

ब्रेडीच्या पहिल्या अंगठीचंही तेच आहे. त्या सामन्यात त्याने जेमतेम १४५ यार्ड फेकले. बचावाने सामना धरला आणि व्हिनाटिएरीच्या ४८ यार्डांच्या किकने जिंकला. माझं म्हणणं त्यापुढचं आहे.

एक, पगारमर्यादा. १९९४ पासून प्रत्येक संघाला खर्चाची कमाल रक्कम ठरवून दिलेली आहे. मॉन्टॅनाच्या काळात मालक हवा तेवढा पैसा ओतू शकायचा. स्टीव्ह यंगसारखा खेळाडू वर्षानुवर्षं राखीव बसवून ठेवला होता त्यांनी. ब्रेडीभोवतीचे खेळाडू दर दोन-तीन वर्षांनी पैशापायी निघून जायचे आणि हा नव्यांना घेऊन पुन्हा तिथेच पोचायचा.

दोन, आणि खरं हेच. तो एकाच पद्धतीने कधी जिंकला नाही. आधी छोटे छोटे पास. मग २००७ ला रँडी मॉस आला तर आभाळातून लांब पास, ५० टचडाउन. मग ग्रॉन्काउस्कीला मधोमध घुसवायचं. २०१७ च्या त्या सुपर बोलमध्ये अटलांटाविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३-२८ मागे होता, वय ३९. जादा वेळेत ३४-२८ जिंकला. काका, तुमच्या १९५८ नंतर सुपर बोलला जादा वेळ लागली ती तेव्हा पहिल्यांदा. वर्षभराने ईगल्सविरुद्ध ५०५ यार्ड फेकून हरला, आणि मला विचाराल तर तो त्याच्या जिंकलेल्या दोन-तीन सामन्यांपेक्षा चांगला खेळ होता. मग ४३ व्या वर्षी टँपा: नवा संघ, नवा प्रशिक्षक, कोविडमुळे सरावाचे सामने रद्द, आणि त्याच वर्षी ट्रॉफी. कोच बेलिचिकमुळे जिंकायचा म्हणणाऱ्यांचं तोंड तिथे बंद झालं.

चेंडूतली हवा कमी केल्याचं प्रकरण आणि चार सामन्यांची बंदी कुणी काढणारच, म्हणून मीच काढते. डाग आहे. त्या बंदीतून परत आला आणि त्याच सीझनला ३-२८ वाला सामना जिंकला, हेही आहेच.

कोलंबियाकर, तुमच्यासाठी एक. जानेवारी १९८२ मध्ये कँडलस्टिकला मॉन्टॅनाने ड्वाइट क्लार्कला तो प्रसिद्ध पास दिला, तेव्हा चार वर्षांचा ब्रेडी आईवडिलांबरोबर स्टेडियममध्ये होता. तुमचाच भक्त तो.

प्रेषक: कोलंबियाकर | २ फेब्रुवारी

हे माहीत होतं. शिष्य मोठा झाला की गुरूचं श्रेय कमी होतं का? १२२ पास, इंटरसेप्शन शून्य. यावर अजून कुणी बोललेलं नाही.

प्रेषक: टाउसनकर काका | ३ फेब्रुवारी

एलिकॉट सिटीच्या बाईंस, तंत्रज्ञ निवृत्त होऊन ओशन सिटीला मासे धरत असे.

पगारमर्यादेचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो चांगला आहे. मात्र एक पाहा. ब्रेडी १९९ वा निवडला गेला, पॅकर्सचा बार्ट स्टार १९५६ मध्ये २०० वा. पाच अजिंक्यपदं आहेत त्याच्या नावावर. युनायटसला तर काढूनच टाकलं होतं. थोर क्वार्टरबॅक ओळखण्याचा ज्यांचा धंदा त्यांना तो ओळखता येत नाही, आणि आपण घरबसल्या क्रम लावतो आहोत.

प्रेषक: सचिव | ३ फेब्रुवारी

मंडळी, या धाग्यात आत्तापर्यंत फक्त चार घरांनी आकडा कळवलाय. ऑर्डर सोमवारी द्यायची आहे. गुळपोळ्या कमी पडल्या तर क्वार्टरबॅकवाल्यांना शेवटी वाढलं जाईल.

प्रेषक: कॅटन्सव्हिलकर | १२ फेब्रुवारी, रात्री १२:०५

चीफ्स २५-२२! जादा वेळ! महोम्सच्या तीन झाल्या! एलिकॉट सिटीकर, जागे आहात का?

प्रेषक: एलिकॉट सिटीकर | १२ फेब्रुवारी

जागी होते. चार बाकी आहेत. तो ४३ चा झाला की मेल करा.

प्रेषक: कोलंबियाकर | १२ फेब्रुवारी

मला एकच सांगा. नाणेफेक जिंकून जादा वेळेत आधी चेंडू मागतं का कुणी? नव्या नियमात दोन्ही संघांना एकेक संधी मिळतेच. मग दुसरं खेळावं, म्हणजे किती हवेत ते कळतं. फोर्टीनाइनर्सच्या काही खेळाडूंना हा नियमच माहीत नव्हता, असं ते स्वतःच सांगताहेत. वॉल्श असता तर हे झालं नसतं.

प्रेषक: टाउसनकर काका | १२ फेब्रुवारी

१९५८ मध्येही नाणेफेक जायंट्सनी जिंकली, आधी चेंडू घेतला, तीन डावांत अडकले आणि पंट करावा लागला, म्हणजे किक मारून चेंडू सोडावा लागला. तेव्हा तर पहिला गुण करणारा जिंकला असा नियम होता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. मग युनायटसने तेरा डावांत संघ नेला. काल महोम्सची शेवटची चाल मी कागदावर मोजत होतो. तेरा डाव, ७५ यार्ड.

त्याच्या कानात प्रशिक्षक अँडी रीड होता, हे नमूद करून ठेवतो. पण चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, एक यार्ड हवा असताना चेंडू स्वतःकडे ठेवून तो जो धावला, तो मात्र त्या तंत्रज्ञाला आवडला असता.

प्रेषक: सचिव | १२ फेब्रुवारी

हॉलमध्ये दोन स्टीलचे डबे आणि एक लहान मुलाचं हलव्याचं मुकुट राहिलंय. डब्यांवर नाव नाही. कोलंबियाकर खुर्च्या न उचलता साडेतीनला निघाले, याची नोंद घेतलेली आहे.