मदत हवी आहे : बाबांच्या छातीतील यंत्र तीन दिवसांपासून चार्ज होत नाही

कृष्णाकाठ
नमस्कार. बाबांच्या छातीत बसवलेले यंत्र तीन दिवसांपासून चार्ज होत नाही. चार्जर पूर्ण भरलेला असतो, पट्टा नेहमीसारखाच खांद्यावरून घालतो, तरीही पडद्यावर जोडणीची एकच रेघ उमटते आणि मिनिटभरात ती जाऊन बीप वाजू लागते. पूर्वी दर रविवारी बाबांचा पेपर वाचून होईपर्यंत हे काम उरकत असे. कंपनीचा प्रतिनिधी दोन दिवस 'उद्या येतो' म्हणत आहे. चार्जरच बिघडला आहे, याबद्दल मला शंका नाही. नवा चार्जर लवकर कुठे मिळेल, एवढेच कृपया सांगावे. 'डॉक्टरांना विचारा' हे उत्तर नको. आमचे डॉक्टर परदेशी परिषदेला गेले आहेत.

जुनाजाणता
पेसमेकर चार्ज करावा लागत नाही, आपली कुणीतरी दिशाभूल केली आहे. त्यातील लिथियम बॅटरी संपत आली की यंत्रच बदलतात. माझ्या थोरल्या बंधूंचे दहा वर्षांनी बदलले. गंमत अशी की ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये डॉ. ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर मात्र त्वचेबाहेरून चार्ज होणाराच होता. अभियंते रूने एल्मक्विस्ट यांनी तो बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरून ओतला होता. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र एकूण २६ पेसमेकर वापरून २००१ पर्यंत जगले.

रात्रपाळी
माहिती रंजक आहे, परंतु पेसमेकर आहे असे धागाकर्त्यांनी कुठेही लिहिलेले नाही. मी परिचारिका आहे, म्हणून विचारते. यंत्र कोणत्या आजारासाठी आहे आणि ते केव्हा बसवले? आत्ता बॅटरी किती आहे? चार्जरची चकती त्वचेवर ठेवता की कपड्यांवरून? वजनात काही फरक पडला आहे का? आणि बाबा अलीकडे कुठे पडले होते का?

कृष्णाकाठ
कंपवातासाठी डीबीएस केले आहे, म्हणजे मेंदूत तारा बसवून छातीतल्या यंत्रातून त्यांना सौम्य वीज दिली जाते. चार्जिंगचा उल्लेख केल्यावर ते लक्षात येईल असे वाटले होते. शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले. बॅटरी ३० टक्के आहे. चकती पातळ बनियनवरून ठेवतो, आजवर त्याने कधी अडले नाही. वजन वाढलेले नाही, उलट बरेच उतरले आहे. आता चार्जरबद्दल कुणी सांगेल का?

खटपट्या
बिनतारी चार्जिंगचे तत्त्व सगळीकडे एकच असते. नवा चार्जर येईपर्यंत फोनचे चार्जिंग पॅड छातीवर धरून पाहावे. माझा टूथब्रशही मी अशाच एका पॅडवर चार्ज करतो.

वेटोळे
कृपया असे काहीही करू नये. तत्त्व एक असले, तरी भाषा एक नसते. फोनचे पॅड समोरच्या फोनकडून ठरावीक संकेत मिळाल्याशिवाय पूर्ण शक्ती सोडतच नाही, आणि हे यंत्र त्याला तसा संकेत देणार नाही. समजा पॅड चालू राहिलेच, तर यंत्राच्या टायटॅनियमच्या कवचात भोवरा प्रवाह (धातूतच गोल फिरणारी वीज) निर्माण होऊन ते तापेल. मूळ चार्जर तापमानावर लक्ष ठेवून स्वतःहून थांबतो. यंत्राचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानापेक्षा सुमारे २ अंशांहून अधिक तापू नये, असा दंडक आहे. पॅडला यातले काहीही ठाऊक नसते.

अनुस्वार
माझ्या भाचीच्या कॉक्लिअर इम्प्लांटची (ऐकू येण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या यंत्राची) बाहेरची चकती लोहचुंबकामुळे आपोआप जागेवर बसते. तुमच्या पट्ट्यात चुंबक बसवून घेता येईल का?

वेटोळे
तिथे कातडीखाली सहसा बॅटरी नसते, बाहेरून अखंड वीज मिळते, म्हणून चुंबक लागतो. डीबीएसच्या यंत्राजवळ घरगुती चुंबक नेऊ नये. इथे प्रश्न अंतराचा आणि दिशेचा आहे. अशी यंत्रे कातडीखाली फार खोल बसवत नाहीत, कारण अंतर वाढले की चार्जरमधील आणि यंत्रातील तारेच्या वेटोळ्यांमधील जोडणी झपाट्याने क्षीण होते.

रात्रपाळी
बाबा पडले होते का, याचे उत्तर अजून आलेले नाही.

कृष्णाकाठ
तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला होता, पण तो डाव्या अंगावर. यंत्र उजवीकडे आहे, म्हणून लिहिले नाही. तेव्हापासून खांदा दुखतो, उद्या फिजिओथेरपिस्ट मशीनचा शेक देणार आहेत. आईचे म्हणणे असे की पूर्वी बनियनखाली डबीची गोल कडा दिसत असे, आता एक कोपरा टोचल्यासारखा वर येतो. बाबांना तिथे सतत चाचपण्याची सवयही लागली आहे.

रात्रपाळी
सर्वांत आधी तो शेक रद्द करा. डायथर्मीचे (शरीराच्या आतपर्यंत उष्णता पोहोचवणारे) मशीन असेल तर डीबीएसच्या रुग्णाला ते कदापि चालत नाही, मग ते खांद्यावर लावलेले असो वा गुडघ्यावर. तारांमधून उष्णता मेंदूपर्यंत पोहोचून गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दुसरे, वजन उतरल्यावर यंत्रासाठी कातडीखाली केलेली पिशवी सैल होते आणि सतत चाचपल्याने यंत्र तीत उलटे होऊ शकते. तसे झाले तरी उपचार चालू राहतात, पण चार्ज होणारी बाजू आत जाते. म्हणजे नवा चार्जर आणूनही उपयोग होणार नाही. आजच छातीचा एक्स-रे काढून शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेशी ताडून पाहा. घरी दाबून यंत्र फिरवू नका, कारण तारांना पीळ पडलेला असू शकतो. बॅटरी संपून डीबीएस अचानक बंद पडले, तर काही रुग्णांना तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतते. त्यामुळे तुमचे डॉक्टर परत येण्याची वाट न पाहता त्याच रुग्णालयातील दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टना गाठा.

जुनाजाणता
बंधूंच्या पेसमेकरचे असे कधी झाले नाही.

कृष्णाकाठ
एक्स-रे काढला. दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर शेजारी-शेजारी धरल्या, तेव्हा मलाही कळले: आधी डबीतून तारा ज्या बाजूने निघत होत्या, त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूने आता निघतात, आरशात पाहावे तशा. तारांना एक पीळही आहे. बॅटरी २१ टक्के आहे. दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी आज दाखल करून घेतले; उद्या पिशवी उघडून यंत्र सरळ करणार आणि टाके घालून आतल्या स्नायूला बांधणार आहेत. चार्जर त्यांनी तपासला, तो ठणठणीत आहे. टाके ओले असताना त्यावर चकती ठेवता येते का, हे विचारायचे राहून गेले.

रात्रपाळी
सुरुवातीला सूज असते, त्यामुळे जोडणी कमी दाखवेल, घाबरू नका. पहिले चार्जिंग केव्हा करायचे, हे उद्या शस्त्रक्रियागृहात नेण्याआधीच विचारून ठेवा. आणि बाबांच्या हाताला दुसरा काही चाळा द्या.