बार्बाडोसला वर्षभरासाठी स्थलांतर : दमा असलेल्या मुलीसह कधी जावे आणि कुठे राहावे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी, माझे पती आणि आमची ८ वर्षांची मुलगी असे तिघे पुण्याहून बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर वर्षभर राहायला जाण्याच्या तयारीत आहोत. माझी नोकरी पुण्यातील कंपनीत असली तरी काम बहुतेक न्यूयॉर्कच्या ग्राहकांचे आहे. बार्बाडोसचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे चालते आणि उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कशी जुळते, त्यामुळे आज मध्यरात्र उलटेपर्यंत चालणाऱ्या माझ्या बैठका तिथे दिवसाउजेडी होतील. कंपनीलाही हे पटले आहे. व्हिसाचा मार्गही ठरलेला आहे. परदेशी कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांना १२ महिने राहू देणारी ‘वेलकम स्टॅम्प’ ही योजना तिथल्या सरकारने २०२० मध्ये सुरू केली. तिच्यासाठी वर्षाला किमान ५०,००० अमेरिकी डॉलर उत्पन्न आणि आरोग्य विमा लागतो, शुल्क एकट्याला २,००० आणि कुटुंबाला ३,००० डॉलर आहे. या अटी आम्ही पूर्ण करतो, त्यामुळे अर्जाबद्दल काही विचारायचे नाही.

अडचण आहे ती मुलीच्या दम्याची. तिच्यामुळे कधी जायचे आणि किनाऱ्याच्या कोणत्या बाजूला राहायचे, हे दोन्ही प्रश्न सुटता सुटत नाहीत.

समुद्राची हवा स्वच्छ, तिथे मुलगी बरीच होईल, असे घरातले सगळे म्हणत होते. वाचत गेले तशी चिंता वाढली. एक तर सहारा वाळवंटातील धूळ व्यापारी वाऱ्यांबरोबर अटलांटिक ओलांडून बार्बाडोसपर्यंत पोहोचते. या बेटावर तिची मोजणी १९६० च्या दशकापासून होत आली आहे आणि साधारणपणे जून ते ऑगस्ट हा तिचा जोराचा काळ असतो. दुसरे म्हणजे सारगॅसम. हे तपकिरी तरंगते समुद्री शैवाल २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर प्रचंड प्रमाणात येऊन पडू लागले आहे. ते किनाऱ्यावर कुजू लागले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सडक्या अंड्यांसारखा वास येतो, डोळे चुरचुरतात, दम्याच्या रुग्णांना त्रास होतो आणि घरातली तांब्या-चांदीची भांडी, अगदी विजेची उपकरणेसुद्धा काळवंडतात. त्याचा मारा मुख्यतः पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर असतो, पश्चिम किनारा बराचसा वाचतो.

आम्हाला मनापासून राहायचे आहे ते दक्षिण किनाऱ्यावर. हेस्टिंग्जपासून ऑइस्टिन्सपर्यंतचा हा पट्टा वस्तीचा आहे. दुकाने पायी जाण्याच्या अंतरावर मिळतात आणि राजधानी ब्रिजटाऊनला जायला बस व व्हॅन आहेत. बसचे भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकी डॉलर (दोन बार्बाडोस डॉलरना एक अमेरिकी डॉलर हा दर बांधलेला आहे). गाडी न घेता निभावता येईल असा हाच भाग दिसतो. पश्चिमेला होलटाऊन आणि त्याच्या उत्तरेला स्पाइट्सटाऊन. होलटाऊन श्रीमंत पर्यटकांचे असल्याने भाडी आमच्या आवाक्याबाहेरची आहेत. स्पाइट्सटाऊन लहान आणि शांत आहे, परंतु तिथून ब्रिजटाऊनमधील क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल लांब पडते, आणि रात्री मुलीला धाप लागली तर ते अंतर मला नको वाटते. म्हणून तिथे राहिलेल्यांना माझी विनंती आहे की, ऑइस्टिन्सच्या बाजूला किनाऱ्यापासून चार-दोन गल्ल्या आत घर घेतले तर सारगॅसमचा वास आणि वायू पोहोचतो का, हे कृपया सांगावे. घरमालकांना विचारले की “काहीच त्रास नाही” असेच उत्तर येते.

आता केव्हा जायचे ते. शाळेचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते, त्यामुळे ऑगस्टमध्ये पोहोचावे असे पतींचे मत आहे. आयकराचा हिशेबही त्याच बाजूला झुकतो, कारण करासाठी अनिवासी ठरायला आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत ठेवायचा तर सप्टेंबर संपण्यापूर्वी निघावे लागते. मात्र ऑगस्ट ते ऑक्टोबर हा चक्रीवादळांचा भर असतो आणि ऑगस्टमध्ये धूळही असते. बार्बाडोस बेटांच्या मुख्य रांगेच्या पूर्वेला असल्याने अनेक वादळे त्याला चुकवून जातात, तरीही जुलै २०२१ मध्ये एल्सा वादळ थेट येऊन आदळले. २९ जून २०२४ रोजी विश्वचषक जिंकल्यावर आपला क्रिकेट संघ बेरिल वादळामुळे ब्रिजटाऊनमध्येच अडकून पडला होता, हे तर सर्वांना आठवत असेल. म्हणून माझा कल नोव्हेंबरअखेर जाण्याकडे आहे. हवा कोरडी होऊ लागलेली असते, वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो आणि मुलीला नव्या हवेत रुळायला काही बरे महिने मिळतात. त्या वेळी पर्यटकांचा हंगाम सुरू होऊन भाडी चढतात आणि शाळेचे एक सत्र बुडते, हे मान्य आहे, पण मला मुलीचा श्वास अधिक महत्त्वाचा वाटतो. सत्राच्या मध्यात मुलांना प्रवेश देणाऱ्या शाळा तिथे आहेत का, हे कोणाला माहीत असल्यास मोठीच मदत होईल.

करांबाबत एक प्रश्न जाणकार सनदी लेखापालांसाठी. वेलकम स्टॅम्पवर राहणाऱ्यांना बार्बाडोसमध्ये आयकर लागत नाही. दुसरीकडे, भारतातील उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असलेला नागरिक दुसऱ्या कोणत्याही देशात रहिवासी म्हणून करपात्र नसेल, तर त्याला भारताचा रहिवासीच मानण्याची तरतूद २०२० पासून आहे. शिवाय अनिवासी ठरले तरी पगार भारतातल्या खात्यात जमा झाला तर तो इथेच मिळाला असे धरले जाते. असे असताना सप्टेंबरपूर्वी निघून आम्हाला खरोखर काही लाभ होतो का? होत नसेल तर घाईचे एक कारण आपोआप गळून पडेल. कर बुडवण्याचा हेतू नाही. भरायचा आहे तो कर आम्ही भरूच, फक्त त्यासाठी मुलीला धुळीच्या आणि वादळाच्या दिवसांत नेण्याची वेळ येऊ नये.

विजेचा मुद्दा किरकोळ वाटत होता, तो तसा नाही. तिथे ११५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज आहे. मुलीचे नेब्युलायझर (औषध फवाऱ्याच्या रूपात श्वासावाटे देणारे यंत्र) मी उलटे करून पाहिले, तर खालच्या पट्टीवर फक्त २३० व्होल्ट लिहिलेले आहे, म्हणजे ते ट्रान्सफॉर्मरशिवाय तिथे नीट चालणार नाही. वादळात वीज गेली तर ट्रान्सफॉर्मरचाही उपयोग नाही, म्हणून बॅटरीवर चालणारे लहान यंत्र घेण्याचा विचार आहे. असे यंत्र बुडेसोनाइड या दम्याच्या औषधासाठी कोणी रोज वापरले आहे का? सगळ्याच यंत्रांना ते औषध चालत नाही असे ऐकले. औषधांच्या चिठ्ठीवर मूळ रासायनिक नावे लिहून घेतली आहेत, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे तिथल्या दुकानात कोणी ओळखणार नाही. पंप, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) आणि डॉक्टरांचे पत्र हातातल्या बॅगेतच असेल. मिक्सर मात्र इथेच ठेवणार आहोत.

प्रवास लंडनमार्गे करावा असे वाटते. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटक म्हणून व्हिसा लागत नाही, पण लंडनमध्ये विमान बदलताना ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि तिथल्या हीथ्रो विमानतळावरून गॅटविक विमानतळावर जायचे असेल तर त्याचा प्रकारही बदलतो. अमेरिका किंवा कॅनडामार्गे गेले तरी व्हिसा चुकत नाही. तिथे सैनिकी छापाचे कपडे घालायला नागरिकांना, लहान मुलांनासुद्धा, बंदी आहे. जाणाऱ्या प्रत्येकाने बॅगा भरण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

स्वयंपाकघराचे एवढेच विचारते की गोडा मसाला, आमसुले आणि कुळथाचे पीठ बंद पाकिटांतून नेल्यास कृषी विभागाची परवानगी आधी काढावी लागते का. तांदूळ आणि डाळी तिथे मिळतील, कारण सुरतकडून गेलेली गुजराती कुटुंबे पिढ्यानपिढ्या तिथे व्यापारात आहेत.

घराचा करार आम्ही इथून करणार नाही. आधी काही आठवडे तात्पुरत्या जागेत राहून, वाऱ्याची दिशा आणि किनारा स्वतः पाहून मगच सही करायची, यावर आमचे एकमत आहे. करारात वादळासाठी खिडक्यांची झडपे, पाण्याची टाकी आणि सारगॅसममुळे राहणे अशक्य झाल्यास मुदतीपूर्वी घर सोडण्याची मुभा, या तीन गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत. शेवटची अट तिथले घरमालक मान्य करतात का, आणि करत नसतील तर सहा महिन्यांचा करार मिळू शकतो का, हे तिथे भाड्याने राहिलेल्या कोणी सांगितले तर पुढची तिकिटे काढता येतील.