लाइव्हवरचा दादा आपला कोण?

प्रतापनगरची मावशी
माझा भाचा मूळचा भंडाऱ्याचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हिंगणा रोडवर खोली करून राहतो. मागच्या रविवारी जेवायला आला तेव्हा गाल बसलेले दिसले. खोदून विचारलं, तर दोन महिन्यांपासून डबा एकाच वेळचा केलेला. वाचलेले पैसे गेम खेळणाऱ्या एका यूट्यूबरच्या लाइव्हवर, सुपर चॅटमध्ये, म्हणजे पैसे देऊन लिहायच्या मेसेजमध्ये. "मावशी, दादानं माझं नाव घेतलं ना," हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला की मला रागावताच आलं नाही.

मग मी तीन रात्री ते लाइव्ह स्वतः पाहिलं. हजारो पोरं एकदम लिहितात, अक्षरं वाचायच्या आत वर सरकून जातात. पैसे दिले तर नावाची रंगीत पट्टी दिसते आणि जास्त दिले तर ती जास्त वेळ टिकते. त्यातले साधारण ३० टक्के यूट्यूब ठेवतं, बाकीचे दादाला. आणि हा दादा दर दहा मिनिटांनी म्हणतो, "आपण फॅमिली आहोत."

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्ये टीव्ही-रेडिओवरच्या माणसांशी जडणाऱ्या अशा एकतर्फी ओळखीला 'पॅरासोशल' हे नाव दिलं. म्हणजे ओढ जुनीच आहे. पण नाव घेण्याचा दर ठरवायचा आणि वर त्याला घरचं नातं म्हणायचं, ही मला फसवणूक वाटते. तुम्हाला काय वाटतं?

अहेरी ते नंदनवन
मावशी, डब्याचं वाचून वाईट वाटलं. तरी मी सहमत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये मी नंदनवनला एका खोलीत एकटी होते. १४ तारखेची राज्यसेवा पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली आणि १५ पासून नागपुरात कडक लॉकडाऊन लागला. अभ्यासिका बंद, मैत्रिणी गावी गेलेल्या. घरी फोन केला की आई रडायची, म्हणून फोनही कमी केला.

तेव्हा एक ताई पहाटे पाचला लाइव्ह यायची. बोलायची नाही. टेबल, दिवा, पुस्तक, पन्नास मिनिटं अभ्यास आणि दहा मिनिटं सुट्टी. सुट्टीत म्हणायची, "पाणी प्या गं." दिवसभरात मला कोणी बोललेलं तेवढंच वाक्य असायचं. तिला माझं नाव आजही माहीत नाही, मी तिला एक रुपया दिला नाही. पण मी उठत होते ते तिच्यामुळे. याला फसवणूक कशी म्हणू?

तर्रीवाला
ताई, तुझी ती ताई चांगली होती. मी दोन वर्षं एका क्रिएटरच्या टेलिग्राम ग्रुपचा ॲडमिन होतो, म्हणून दुसरी बाजू सांगून राहिलो. आमच्यावाल्याचं एका दुसऱ्याशी वाजलं. त्यानं नुसतं म्हटलं, "मला खूप त्रास झाला." बस. आमच्या पोट्ट्यांनी त्या दुसऱ्याच्या बहिणीच्या अकाउंटवर जाऊन घाण शिव्या लिहिल्या. काही मी काढल्या, काही राहू दिल्या. ते अजून मनात खुपते.

महिन्याभरात दोघं क्रिएटर एकत्र व्हिडिओ करून हसून राहिले होते. पण माझा रूममेट दुसऱ्या गटातला होता. आम्ही एका खोलीत राहून चार महिने बोललो नाही. ज्या माणसाले आम्ही कधी भेटलो नाही, त्याच्यासाठी. मावशीचा मुद्दा पैशाचा आहे, माझा याचा आहे.

महालातले काका
आमच्या वाड्यात बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन लागायचं, बिनाका गीतमाला. अमीन सयानी "बहनों और भाइयों" म्हणाले की माझी आजी पदर सावरून बसायची. तिच्यासाठी तो घरचाच माणूस होता. झुमरी तलैयाचे लोक फर्माइशीची पत्रं पाठवून पाठवून गावाचं नाव देशभर करून गेले, तेही नाव वाचलं जावं म्हणूनच ना? त्यात कोणाचं नुकसान झालं नाही. पोरांना इतकं दोषी धरू नका.

प्रतापनगरची मावशी
काका, मी पोरांना दोष देत नाही. आजी नऊ वाजता रेडिओ बंद करून झोपत असतील. इथे एक लाइव्ह संपलं की ॲप दुसरं पुढे करतं. शिवाय पोस्टकार्ड काही पैशांचं होतं, आणि ज्यानं दहा पाठवली त्याचं नाव दहापट मोठ्यानं वाचत नव्हते.

अहेरीच्या ताई, तुमचं वाचून मात्र मी थांबले. तुम्हाला त्या आवाजाकडून काही परत नको होतं. माझ्या भाच्याला हवं आहे. रविवारी त्याला पुन्हा बोलावलंय. यापुढे डब्याचे पैसे डबेवाल्या काकूंना परस्पर द्यायचं ठरवलं आहे.

अहेरी ते नंदनवन
मलाही हवं होतं, मावशी. दोनदा लिहिलं होतं तिला. वाचलं नाही गेलं. तेव्हा रडले होते.

तर्रीवाला
मावशी, परस्पर नका देऊ. त्याले वाटंन की मावशीनंही विश्वास काढून घेतला. एक वेळ उपाशी राहतो, हे त्यानं त्या दादाले कधी लिहिलं नसंन. तुम्हाला सांगितलं. पैसे त्याच्याच हातात द्या, अन् रात्री जेवला का म्हणून फोन करत जा.