शब्दचर्चा: खल असणं, खल होणं आणि खल केला जाणं

प्रश्न

एक शब्द हवाय. गोष्टीत एखादं पात्र सुरुवातीला चारचौघांसारखं असतं, मग त्याच्या वाट्याला अपमान, उपासमार, फसवणूक असं काय काय येतं आणि शेवटी ते व्हिलन होऊन बसतं, अशा पात्राला मराठीत नेमकं काय म्हणायचं? नुसतं खलनायक म्हटलं की तो पहिल्यापासूनच तसा होता असं वाटतं. अँटीहिरो म्हणावं तर त्यात हिरो आहेच, म्हणजे तेही बसत नाही. 'परिस्थितीजन्य खलनायक' असं एका मैत्रिणीने सुचवलं पण ते पंचनाम्यातल्या भाषेसारखं वाटतंय. बीएच्या मुलांसमोर 'घाशीराम कोतवाल' या नाटकावर बोलायचंय म्हणून विचारतेय.

प्रतिसाद

चांगला प्रश्न आहे आणि मला वाटतं उत्तर नामात शोधण्यापेक्षा क्रियापदात शोधावं लागेल, पण आधी खलनायक हा शब्द जरा सुटा करून बघू.

संस्कृत नाटकाच्या शास्त्रात नायकाच्या विरोधात उभा असतो तो प्रतिनायक. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने दशरूपकात त्याची लक्षणं दिलीयत: लोभी, धीरोद्धत (म्हणजे गर्विष्ठ, उद्धट), ताठर, पाप करणारा, व्यसनी, आणि नायकाचा शत्रू. रामाला रावण, युधिष्ठिराला दुर्योधन. आता ही सगळी यादी बघा, यात तो 'कसा आहे' एवढंच सांगितलंय, 'कसा झाला' याला जागाच नाही. तुम्हाला खलनायक शब्द अपुरा वाटतो त्याचं कारण इथपर्यंत मागे जातं असं मला वाटतं, आपण शब्द बदलला पण मागची यादी तीच राहिली.

खल मात्र वेगळा आणि जुना. (खलबत्त्यातला खल आणि 'बराच खल झाला' मधला खल हे कुटण्याचे, त्यांच्याशी गल्लत नको.) भर्तृहरीच्या नीतिशतकात खलाची मैत्री सकाळच्या सावलीसारखी म्हटलीय, सुरुवातीला लांबलचक आणि मग आखडत जाणारी. तिथेही खल हा खलच, सज्जन हा सज्जन, मधे काही नाही. आणि मग ज्ञानेश्वर १२९० साली नेवाशात पसायदान मागतात, 'जे खळांची व्यंकटी सांडो'. हे आपण शाळेत इतक्या वेळा म्हटलंय की त्यातलं व्याकरण आपल्या लक्षातच येत नाही. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. खळांचा नाश होवो असं मागितलं नाहीये, खळांची व्यंकटी गळून पडो असं मागितलंय आणि लगेच पुढे त्यांना सत्कर्मांची गोडी लागो म्हटलंय. म्हणजे माणूस वेगळा आणि त्याला आलेला वाक वेगळा, आणि जो वाक सांडू शकतो तो कधीतरी आलेलाही असणार. तुम्हाला हवी असलेली कल्पना मराठीत सातशे वर्षांपासून आहे, फक्त तिचं नाम कोणी तयार केलं नाही.

इंग्रजीतल्या व्हिलनची गोष्ट तर अजून बोलकी आहे. मूळ लॅटिन व्हिला म्हणजे जमीनदाराचा मळा, त्यावर राबणारा तो व्हिलन, साधा कूळ माणूस. वरच्या वर्गाच्या तोंडी तो शब्द गावंढळसारखा झाला, मग हलकट, आणि मग नाटकातला दुष्ट. त्या बिचाऱ्या कुळाने काही केलं नव्हतं, ज्यांच्या मळ्यावर तो राबत होता त्यांनीच शब्दाला हा अर्थ दिला. हे लक्षात ठेवा, घाशीरामपाशी परत लागेल.

आता क्रियापदं. मराठीत आपण माणूस बिथरला म्हणतो, पेटला म्हणतो, निर्ढावला म्हणतो, कोडगा झाला म्हणतो, निगरगट्ट बनला म्हणतो. हे सगळे शब्द 'होण्याचे' आहेत, जन्मतः कोणी निर्ढावलेलं नसतं. बिथरणं हे गुराढोरांचं, काहीतरी अचानक अंगावर आलं की बैल बिथरतो, म्हणजे कारण बाहेरचं. पेटणं सूडाने, आता आग आतली आहे पण ठिणगी बाहेरून आलेली. निर्ढावणं मात्र स्वतःच्या कृत्यांमुळे, पुन्हा पुन्हा तेच केलं आणि भीड चेपली की माणूस निर्ढावतो. माझ्या मते कुठल्याही अशा पात्राचा प्रवास या तीन शब्दांत मांडता येतो आणि कुठला टप्पा कुठे संपला हे तपासणं हाच खरा अभ्यास.

आणि कोडगा. जुन्या शाळांत एखाद्या पोराला रोज छडी बसायची आणि मग मारणारे मास्तरच म्हणायचे, कोडगा झालाय नुसता, कितीही मारा काही वाटत नाही. शब्दात मार आहे, पण मारणारा नाही. तो शब्द वापरणारा आणि मारणारा एकच असला तरी शब्द फक्त पोराला चिकटतो.

घाशीराममध्ये नेमकं हेच आहे. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिला प्रयोग झाला, विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, मोहन आगाशे झाले होते नाना, म्हणजे पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस. (खरा घाशीराम कोतवाल १७९१ मध्ये जमावाकडून मारला गेला, पण नाटकातला घाशीराम हे तेंडुलकरांचं पात्र, इतिहास म्हणून मुलांना सांगू नका.) कनोजहून बायको-मुलीला घेऊन पोटासाठी पुण्यात आलेला माणूस. बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, गुलाबीकडे हरकाम्या. नानाचा पाय दुखावतो तर हा त्याच्यापुढे वाकून स्वतःची पाठ पायाखाली देतो, बक्षीस म्हणून कंठा मिळतो आणि तो कंठाही गुलाबीची माणसं मारून हिसकावून घेतात. मग ब्राह्मणांना दक्षिणा वाटतात त्या गर्दीत चोरीचा आळ, मार, कोठडी आणि शेवटी शहराबाहेर हाकलणं. चोरी त्याने केलेली नाही हे आपण प्रेक्षक म्हणून जाणतो. इथपर्यंत बिथरणं. वेशीबाहेर फेकल्यावर तो ओरडून जी शपथ घेतो ते पेटणं. आणि मग तो परत येतो आणि पोटची पोर, गौरी, नानाच्या पुढ्यात ठेवून कोतवाली मागतो.

तिथे मी थांबेन आणि मुलांनाही थांबवेन. आळ घेणारे दुसरे होते, मारणारे दुसरे होते, पण हे त्याने केलं. त्या मुलीने त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. पुढे परवान्याशिवाय रात्री रस्त्यावर दिसलेल्यांना पकडणं, चोरीचा संशय आलेल्या ब्राह्मणाच्या हातात लाल तापवलेला गोळा ठेवून दिव्य करायला लावणं, हे सगळं निर्ढावणं. पूर्वी आळ ज्याच्यावर आला होता तोच आता आळ घेतो, हे बघताना अंगावर काटा येतो.

आता परिस्थितीजन्य हा शब्द मला का खटकतो ते सांगतो. 'परिस्थितीने त्याला खलनायक बनवलं' या वाक्यात कर्ता कोण? परिस्थिती. आणि परिस्थिती म्हणजे कोणीच नाही, पाऊसपाण्यासारखी आपोआप येणारी काहीतरी गोष्ट. पण नाटकात तर कर्ता समोर उभा आहे, जरीची पगडी घालून. कोतवालीचा हुकूम देताना नाना जे स्वगत म्हणतो त्याचा मतलब एवढाच की आता आम्ही काहीही केलं तरी पाप कोतवालाच्या खात्यावर जमा होणार. आणि तसंच होतं. शेवटी लोक घाशीरामला दगडांनी ठेचतात, तो हुकूमही नानाच देतो आणि वर उत्सव जाहीर करतो. तरी पन्नास वर्षं खलनायक म्हणून तोंडावर नाव येतं ते घाशीरामचं.

दुसऱ्या बाजूला गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक घ्या, १९१९. सुधाकर हुशार वकील, कोर्टात मुन्सफाशी वाद होतो, काही काळासाठी सनद जाते, त्या अपमानात तळीराम पहिला पेला हातात देतो. पुढे याच सुधाकरच्या हातून स्वतःचं तान्हं मूल मरतं, बायको सिंधू मरते. पण त्याला कोणी खलनायक म्हणत नाही, शोकांतिकेचा नायक म्हणतात, खलपणा सगळा तळीरामच्या नावावर. दोघांचाही आधी अपमान झाला, दोघांनीही लेकराचा बळी दिला. एकाची परिस्थिती आपण पूर्ण मोजतो, दुसऱ्याची अर्धीच. एक पांढरपेशा वकील आणि दुसरा पोटासाठी आलेला परप्रांतीय, याचा काही संबंध आहे का हे मुलांना जरूर विचारा.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं तरी एक भीती वाटते, की हल्ली 'जोकर' सिनेमा बघून आल्यापासून प्रत्येक दुष्टाला एक दुःखी बॅकस्टोरी जोडली की झालं, सगळं माफ. गरिबीत वाढलेले, अपमान सोसलेले लाखो लोक सरळ राहतातच की. आणि आपल्याकडे 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' पण म्हणतातच ना?

प्रतिसाद

म्हणतात, आणि त्याच तोंडाने 'बुभुक्षितः किं न करोति पापम्' पण म्हणतात. भुकेला माणूस कुठलं पाप करणार नाही. बहुतेकांना एवढाच तुकडा माहीत असतो, पण पुढचा जास्त महत्त्वाचा आहे, 'क्षीणा नरा निष्करुणा भवन्ति', झिजलेली माणसं निर्दय होतात. 'होतात' म्हटलंय. 'त्यांचं बरोबर असतं' असं म्हटलेलं नाही. कारण सांगणं आणि समर्थन करणं या दोन गोष्टी मराठीत आपण फार सहज एक करतो, 'त्याची बाजू घेतोस का' म्हणून लगेच अंगावर येतात.

यासाठी मला अश्वत्थामा सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं. द्रोण गरीब, घरात दूध नाही, इतर पोरांना दूध पिताना बघून हा हट्ट धरतो आणि त्याला पाण्यात पीठ कालवून देतात. ते पिऊन तो दूध प्यालो दूध प्यालो म्हणून नाचतो आणि बाकीची पोरं हसतात. आदिपर्वात हे द्रोण स्वतः भीष्माला सांगतो, त्या हसण्याने आपण हललो असं सांगतो. मग तो जुन्या मित्राकडे, द्रुपदाकडे जातो, तिथे अपमान, मग शिष्यांकडून द्रुपदाला बांधून आणणं, मग द्रुपदाचा यज्ञ, धृष्टद्युम्नाचा जन्म, धृष्टद्युम्नाच्या हातून द्रोणाचा वध आणि शेवटी सौप्तिक पर्वात अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो. पिठाच्या पाण्याच्या वाटीपासून झोपेत कापलेल्या द्रौपदीच्या पाच पोरांपर्यंत सलग धागा आहे, एक कडी तुटत नाही. आणि तरीही महाभारत त्याला सोडत नाही. कपाळाचा मणी काढून घेतला जातो, भटकंतीचा शाप मिळतो.

आपल्या लोकांनी त्यावर काय केलं बघा. जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा ही गोष्ट खानदेशात, नर्मदेकाठी घरोघर सांगतात, 'अश्वत्थाम्याची भळभळती जखम' हा वाक्प्रचार मराठीत रुळला, आणि नंदुरबारकडे सातपुड्यात दिवाळीच्या सुमारास आदिवासी अस्तंबा ऋषींच्या यात्रेला डोंगर चढून जातात तो अस्तंबा म्हणजे हाच. शिक्षा कमी केली नाही, पण दाराशी आला तर तेल द्यायचं. माफी आणि दया यात फरक करणारी माणसं होती ती, आणि तुमच्या भीतीवर यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

प्रतिसाद

थोडं घरातलं पण घ्या की चर्चेत. खाष्ट हा शब्द सासूसाठी राखीव असल्यासारखा वापरतात, मालिकांमध्ये तर खलनायिका म्हणजे सासू नाहीतर नणंद हे ठरलेलंच. पण ती सासू पंचवीस वर्षांपूर्वी त्याच घरात सून होती, तिला पहाटे उठवणारी, तिचं माहेर काढणारी कोणीतरी होती, हे मालिकेत एका वाक्यात उरकतात. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही म्हण लोक सुनेने धीर धरावा म्हणून सांगतात, मला त्यात नेहमी दिसतं की चक्र चालू ठेवायला कोणालाच लाज वाटत नाही. आणि ज्यांच्या घरात हे होतं तिथले पुरुष, सासरा नि मुलगा, पेपर वाचत बसलेले असतात, त्यांना खलनायक कोणी म्हणत नाही.

यावरून ललिता पवार आठवल्या. १९४२ मध्ये शूटिंगमध्ये बसलेल्या एका जोरदार थपडेने चेहऱ्याला लकवा आला, डावा डोळा कायमचा बारीक झाला आणि नायिकेची कामं गेली. तोच डोळा पुढे खाष्ट सासूची ओळख बनला आणि दूरदर्शनच्या रामायणात मंथराही त्याच झाल्या. इथे पात्राला नाही, नटीलाच परिस्थितीने त्या बाजूला नेऊन बसवलं.

प्रतिसाद

सासऱ्याचा मुद्दा अगदी नेमका आहे, नानाच तो, घरातला.

मूळ प्रश्नाकडे येतो. नाम हवंच असेल तर 'घडवलेला खलनायक' म्हणा, त्यात निदान घडवणारा कोणीतरी आहे हे कळतं. प्रतिनायक इथे नको, तो नायकाच्या तुलनेतच उभा राहतो आणि या नाटकात नायक कुठाय. दुष्ट, नराधम, पाताळयंत्री हे तर नकोच, त्यातला पाताळयंत्री नानाला शोभेल. आणि भाषणाचं नाव 'घाशीराम खल कसा झाला' असं ठेवण्यापेक्षा 'घाशीरामला खल कोणी केलं' असं ठेवा. मुलं पहिल्या पाच मिनिटांत परिस्थिती, गरिबी, समाज अशी उत्तरं देतील, ती फळ्यावर लिहा, आणि मग नानाचं ते स्वगत कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.